ड्रायरच्या नळीतनं नुसती ऊब येत नाही

गेले पंधरा दिवस आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर सीमाप्रश्नापेक्षा जास्त पेटलेला एकच विषय आहे, ड्रायरची नळी. झालं असं की आमच्या मजल्यावरच्या अण्णांचा मुलगा टोरांटोला असतो, त्याने तिकडचा एक व्हिडिओ पाठवला. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि आत एक माणूस कपडे वाळवायच्या ड्रायरची गरम हवा बाहेर टाकणारी नळी भिंतीतनं काढतो, तोंडाला जाळी बांधतो, सरळ हॉलमध्ये सोडतो आणि म्हणतो बघा, घर गरम, हीटर बंद, पैसे वाचले. अण्णांनी तेच इथे केलं, बेळगावच्या टिळकवाडीत, दुसऱ्या गेटजवळ, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. युटिलिटीतल्या ड्रायरची चार इंची नळी मधल्या खोलीच्या दारावरच्या झरोक्यातनं आत घेतली, जिथे त्यांच्या आई झोपतात. आज्जी नव्वदीला आल्यात, पहाटे पाय गार पडतात, मुलाचा जीव कळवळला, यात हसण्यासारखं काही नाही.

पण ग्रुपवर हसले लोक. एका बाजूने 'ही परदेशी थेरं इकडे कशाला', दुसऱ्या बाजूने 'तुम्हाला सायन्स कळत नाही, वाया जाणारी ऊर्जा वापरतोय माणूस', आणि मधेच एकजण 'गृहज्योतीत वीज फुकट आहे, कशाला डोकं लावताय' (गृहज्योती म्हणजे कर्नाटक सरकारची फुकट विजेची योजना). दोनशे मेसेज झाले असतील, त्यात देशी-परदेशी झालं, मुलं बाहेर गेली की आईबापांचं काय होतं ते झालं, पण 'पाणी' हा शब्द एकदाही आला नाही. मला सांगा, ओले कपडे आत गेले, वाळून बाहेर आले, मग मधलं पाणी गेलं कुठे? ते त्याच नळीतनं आज्जींच्या खोलीत गेलं. म्हणून माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो: ती नळी घरात सोडू नका, आपल्याकडे तर अजिबात नको. उष्णता वापरायचीच असेल तर आधी पाणी वेगळं काढणारं मशीन घ्या, आणि ते डिसेंबरात नाही, जून ते सप्टेंबरात चालवा.

आधी एक घोळ मिटवतो, कारण अर्धं भांडण त्यावरच चाललंय. आपल्याकडे सेमी ऑटोमॅटिक मशीनच्या दुसऱ्या टबाला सगळे 'ड्रायर' म्हणतात. तो ड्रायर नव्हे, स्पिनर. तो कपडे गरगर फिरवून पाणी झटकतो, त्याला वीज नगण्य लागते आणि त्यातनं गरम काही निघत नाही. पहिल्या मजल्यावरच्या वैनी मनापासून विचारत होत्या, 'आमच्या ड्रायरला नळीच नाही, मग आम्ही काय करायचं?' वैनी, काहीच करू नका, तुमचं बरं चाललंय. स्पिनरने जे पाणी निघत नाही ते वाफ करून काढायचं काम खऱ्या ड्रायरचं, आणि वीज खातं ते हे काम.

आता अण्णांच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो, कारण ते कमी नाही. वाया जाणारी उष्णता वापरायची ही कल्पना परदेशी मुळीच नाही. चुलीला वैल कशाला असतो? मुख्य चुलीवर भाकरी आणि मागच्या वैलावर त्याच जाळावर आमटी गरम, दुधाचं पातेलं मंद तापत. न्हाणीतला तांब्याचा बंब घ्या, मधनं जाळाची नळी, भोवती पाणी, म्हणजे धूर वर जाताना स्वतःची उष्णता पाण्याला देऊन जातो. आणि सगळ्यात जवळचं उदाहरण तर ग्रुपवर कोणाच्या लक्षातच आलं नाही. माझ्या आईच्या माहेरी, खानापूरच्या पुढे जांबोटीकडे, पावसाळ्यात बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्याची शेगडी ठेवायचे, तिच्यावर बांबूचं डालगं पालथं घालायचे आणि त्या डालग्यावर बाळाचे लंगोट पसरायचे. लंगोट वाळायचे, खोली उबदार व्हायची, वर चिमूटभर ओवा टाकला की वासही छान. एका जाळात तीन कामं. म्हणजे अण्णांनी जे केलं ते आमच्या आज्जीने १९५० सालीच केलं होतं की!

केलं होतं, पण कुठे ते बघा. ते घर कौलांचं होतं, कौलांच्या फटीफटीतनं धूर आणि वाफ दोन्ही निघून जायचे, भिंती मातीच्या, आणि डालग्यावर एकावेळी आठ-दहा लंगोट, त्यांत पाणी असून असून किती, अर्धा-पाऊण लिटर. आमचं अपार्टमेंट स्लॅबचं, खिडक्या अॅल्युमिनियमच्या सरकत्या, डासांमुळे संध्याकाळी पाचलाच बंद, आणि ड्रायरमध्ये पाच किलो कपडे. तेव्हाच्या धुराने बायकांचे डोळे आणि फुफ्फुसं गेली तो हिशेब वेगळाच, त्यामुळे 'पूर्वी करायचे' हा पुरावा मी कुठल्याच बाजूने फार ताणणार नाही.

मी सगळी नोकरी साखर कारखान्यात काढली, बॉयलिंग हाऊसला, म्हणजे जिथे रस उकळून आटवतात तिथे. त्यामुळे वाफ म्हटलं की मला हसू येत नाही, हिशेब सुचतो. आपला जिल्हा उसाचा, निम्म्या घरांत कोणी ना कोणी कारखान्यात आहे, तरी या वादात कोणाला रसातलं पाणी उडवणारा इव्हापोरेटर आठवू नये याचं नवल वाटलं. आधी गुऱ्हाळ घ्या. काहिलीत रस उकळतो, वाफेचे लोट उठतात, थंडीत तिथे उभं राहिलं की काय ऊब वाटते! पण गुऱ्हाळाला भिंती का नसतात? नुसतं छप्पर आणि चारी बाजू मोकळ्या, कारण ती वाफ कोंडली तर तासाभरात आतल्या माणसांना श्वास घेता येणार नाही आणि वरनं पाणी टपकायला लागेल. जगात बहुतेक ठिकाणी साखर अशीच उघड्या कढयांत व्हायची आणि ती उष्णता आभाळात जायची. मग न्यू ऑर्लिन्सला जन्मलेला नॉर्बर्ट रिल्यू नावाचा माणूस आला, त्याने १८४३ आणि १८४६ साली पेटंट घेतली. युक्ती काय होती? पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ वाया घालवायची नाही, ती बंद पाइपातनं दुसऱ्या भांड्याकडे न्यायची, तिथे नळ्यांच्या एका बाजूने ती थंड होऊन पाणी होते आणि पाणी होताना आपली उष्णता दुसऱ्या बाजूच्या रसाला देते, मग दुसऱ्याची वाफ तिसऱ्याला, असं पुढे. आजही आमच्याकडे त्या भांड्यांना पहिली बॉडी, दुसरी बॉडी, तिसरी, चौथी असंच म्हणतात, आणि एक किलो स्टीमवर जवळजवळ चार किलो पाणी उडवतात. पण तिथेही वाफ रसात कोणी सोडत नाही. उष्णता पत्र्याच्या पलीकडे जाते आणि झालेलं पाणी, कंडेन्सेट, वेगळ्या पाइपाने बाहेर काढलं जातं. ते एक दिवस काढलं नाही तर बॉडी बसते, म्हणजे उकळणंच थांबतं, चीफ केमिस्ट ओरडतो, पुढचं सांगत नाही.

ड्रायरला हेच लावा. पाच किलो सुके कपडे, मशीनमध्ये पिळून झाल्यावरही त्यांत अडीच ते तीन लिटर पाणी उरतं. एक लिटर पाण्याची वाफ करायला कमीत कमी ०.६८ युनिट लागतं, हे निसर्गाचं रेटकार्ड आहे, त्यात घासाघीस चालत नाही. म्हणजे पावणेतीन लिटरला १.९ युनिट. नळीवाला ड्रायर एका घाण्याला साधारण साडेतीन युनिट खातो. त्यातली अर्ध्याहून जास्त उष्णता वाफेत लपून बसलेली असते, हाताला लागत नाही. नळीपुढे हात धरला की जी ऊब लागते ती उरलेली दीडेक युनिट. लपलेली उष्णता परत मिळते का? मिळते की. ती वाफ कुठेतरी थंड जागी लागून परत पाणी झाली की. आज्जींच्या खोलीत थंड जागा कुठली? खिडकीची काच, बाहेरची भिंत, कपाटाची मागची बाजू आणि भिंतीला लागून ठेवलेली गादी.

हे मी भीती घालायला सांगत नाही, आकडे बघा. २० अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. दहा बाय बारा फुटांची खोली, दहा फूट उंच, म्हणजे ३४ घनमीटर. सगळी मिळून पाचशे ऐंशी ग्रॅम मावणार, त्यातली निम्मी जागा आधीच भरलेली. म्हणजे उरली जेमतेम तीनशे ग्रॅमची जागा आणि आपण ओतणार पावणेतीन किलो. खोली गरम झाली की जास्त मावते, २६ अंशाला २४ ग्रॅम, ते खरं, पण मशीन बंद झाल्यावर पहाटे खोली परत १८-१९ ला आली की ते वाढीव पाणी जाणार कुठे? रात्री अंगणात दव पडतं तेच इथे घरात पडणार. कोणी म्हणेल काही वाफ फटींतनं निघून जाते. जाते, आणि तिच्याबरोबर ऊबही जाते, मग नळी आत घेऊन मिळवलं काय?

मी जाऊन बघितलं. खिडकीच्या आतल्या बाजूने ओघळ, भिंतीवरचं कालनिर्णय खालच्या कोपऱ्यात पापडासारखं वळलेलं, आणि लोखंडी कपाट चार बोटं पुढे ओढलं तर मागच्या डिस्टेंपरवर काळे ठिपके, अजून हरभऱ्याएवढेच, पण नळी लावून फक्त नऊ दिवस झालेले. नळीच्या तोंडाला जुनी ओढणी बांधलेली, तिच्यावर करड्या रंगाचा मऊ थर, कपड्यांचं लिंट, म्हणजे कापडातनं सुटलेले बारीक तंतू. तो थर चिमटीत उचलला आणि खाली बघितलं तर पलंगाखालीही तसाच. अण्णा म्हणाले, 'बघा की, किती ऊब आलीय.' आज्जींना कोणी विचारलंच नव्हतं. त्या गोधडीतनं म्हणाल्या, 'ऊब कसली, घुसमटालंय मला. सकाळी गच्चीत उन्हाला बसवा म्हणालंय, ते कोण ऐकत नाही.'

मग कॅनडातला तो माणूस मूर्ख आहे का? नाही, आणि इथेच विरोधी बाजूचं सगळ्यात मजबूत म्हणणं आहे. उणे वीस अंशाच्या हवेत घनमीटरला एक ग्रॅमसुद्धा पाणी नसतं. ती हवा घरात आणून तापवली की इतकी कोरडी होते की ओठ फुटतात, दाराच्या मुठीला हात लावला की शॉक बसतो, लोक पैसे देऊन हवेत ओल सोडणारं मशीन, ह्युमिडिफायर, लावतात. शिवाय नळीवाला ड्रायर मिनिटाला शे-दीडशे घनफूट हवा बाहेर फेकतो, तेवढीच गार हवा दारं-खिडक्यांतनं आत ओढली जाते, म्हणजे तासाभरात लहान घराची सगळी तापवलेली हवा गेली. तिथे हा खर्च खरा आहे. १९७३ साली अरब देशांनी तेल रोखलं तेव्हा तिकडे नळीत बसवायचे डबे मिळायला लागले, एक झडप, हिवाळ्यात हवा आत, उन्हाळ्यात बाहेर. कल्पना जुनी आहे, तिकडे करून झालेली आहे. आणि तरीही आज अमेरिकेत घरबांधणीचे नियम ड्रायरची हवा बाहेरच काढा म्हणतात. का? कारण लिंट पेट घेतं, कारण थंड खिडकीपाशी तिथेही बुरशी येते, आणि कारण तिकडे गॅसवर चालणारे ड्रायर असतात, त्यांची नळी आत सोडली तर कार्बन मोनॉक्साइड घरात. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसं कशी गेली ते आपण पेपरात वाचतोच. आपले घरगुती ड्रायर विजेवरचे, तेवढा धोका नाही, पण व्हिडिओ बघणाऱ्याला हा फरक कोण सांगणार? तिकडच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० च्या नोंदींवरून काढलेला आकडा आहे, वर्षाला ड्रायरच्या सुमारे २,९०० आगी, आणि सगळ्यात मोठं कारण साफसफाई न करणं. ओढणी बांधलेली नळी म्हणजे हवा अडली, मशीन तापलं, आणि लिंट तिथेच साठलं.

पण माझा खरा मुद्दा हवामानाचा आहे आणि तो कोणी बोलत नाही. कॅनडात थंडी आणि कपडे न वाळणं हे एकाच मोसमात येतं. आपल्याकडे येतं का? बेळगावात डिसेंबर-जानेवारीत पहाटे १३-१४ अंश, कधी त्याच्याही खाली, मान्य. पण दुपारी? अठ्ठावीस, एकोणतीस, कडकडीत ऊन, कोरडं वारं. गच्चीवर दहाला घातलेली चादर एकला खडखडीत वाळते. ज्या मोसमात ऊब हवी त्या मोसमात ड्रायर लावायचं कारणच नाही, आणि ज्या मोसमात ड्रायर लागतो त्या मोसमात भिंती आधीच पाणी पिऊन बसलेल्या असतात. अथणी-रायबागकडच्या माणसाला तर हा प्रश्नच कळणार नाही, तिकडे पावसाची वाट बघण्यात वर्ष जातं. आणि कणकुंबी-जांबोटीकडे जुलैत विचारा, चपलेला बुरशी, पापडाला बुरशी, लग्नातल्या शालूला वास. जिल्हा एक, हवा दोन, आणि व्हिडिओ तिसऱ्याच खंडातला.

गृहज्योतीवाल्यांना दोन शब्द. २०२३ ला योजना आली, दोनशे युनिटपर्यंत फुकट हे खरं, पण ते बहुतेकांना स्वतःच्या २०२२-२३ सालच्या सरासरीवर दहा टक्के एवढंच, त्याच्या वर गेलात की फरक भरायचा, आणि दोनशेच्या वर गेलात की सगळंच बिल भरायचं. दिवसाआड ड्रायर लावला तर महिन्याला पन्नास युनिट वाढली. वीज कंपनीचं, हेस्कॉमचं, बिल कन्नडमध्ये येतं म्हणून आपले बरेच लोक खालचा आकडा तेवढा बघतात, या महिन्यात मधल्या ओळीही कोणाकडनं तरी वाचून घ्या. आज्जींसाठी हजार वॅटचा साधा हीटर झोपायच्या आधी तासभर लावला तर एक युनिट, ऊब पूर्ण एका युनिटाची, पाणी शून्य. वर गरम पाण्याची पिशवी पायाशी. यापुढे साडेतीन युनिटांची नळी कुठे बसते?

एक गोष्ट मात्र मी टाळणार नाही, कारण या वादात पुरुषच जास्त बोलतायत. 'ऊन आहे की, गच्चीत घाला' हे सांगणं सोपं आहे. बादली चार मजले वर कोण नेणार? हॉस्पिटलात शिफ्ट करणारी मुलगी संध्याकाळी सातला घरी येते, तिला कुठलं ऊन? उद्यमबागकडे राहणाऱ्यांच्या दोरीवरच्या पांढऱ्या शर्टावर फाउंड्रीची काजळी बसते. ज्या फ्लॅटला बाल्कनीच नाही त्यांचं काय? या लोकांना ड्रायर हवा आहे, ती चैन नाही, आणि त्यांना 'आपली संस्कृती उन्हाची' असं सुनावणं म्हणजे दुसऱ्याच्या पाठीवरनं बचत करणं.

त्यांच्यासाठी मशीन आहे, फक्त नळीवालं नाही. कंडेन्सर ड्रायर तीच वाफ मशीनमध्येच थंड करतो, पाणी टाकीत किंवा ड्रेनला, आणि वाफेतली लपलेली उष्णतासुद्धा खोलीत. रिल्यूची बॉडीच समजा, घरगुती. अण्णांना नळीतनं जे हवं होतं ते सगळं हा देतो, ओल आणि लिंट फारसं न देता. त्याच्या पुढचा हीट पंपवाला, तो स्वतःचीच उष्णता पुन्हापुन्हा फिरवतो, निम्म्या किंवा त्याहून कमी विजेत काम करतो, म्हणून खोलीला ऊबही कमी देतो. स्वित्झर्लंडने २०१२ पासून व्यवहारात फक्त हीट पंपवालेच विकायला परवानगी ठेवली, आणि तो काही गरम देश नव्हे. म्हणजे थंडीवाल्यांनीच ठरवलं की घर तापवायचं काम ड्रायरचं नाही. हे मशीन महाग आहे, सगळ्यांना झेपणारं नाही, हे मान्यच. पण ज्यांना झेपतं त्यांनी ते जुलैत कोंदट खोलीत लावून बघावं, तिथे ती थोडी ऊब खरंच कामाची, कपाटातला वास जायला तेवढी पुरते. एकच, टाकीतलं पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालू नका, मला दोघांनी विचारलंय, त्यात लिंट असतं.

अण्णांना हे सगळं सांगून झालं तरी पटलं नव्हतं. 'आकडे कोणीही काढेल' म्हणाले, आणि ते बरोबर आहे, ग्रुपवर मीसुद्धा कोणाच्या आकड्यांवर विश्वास ठेवत नाही. मग त्यांनीच विमानाच्या बॅगा मोजायचा तो हातातला डिजिटल काटा काढला, टोरांटोला जाताना लाडू-चकल्या तेवीस किलोत बसवायला घेतलेला. कपडे ड्रायरमध्ये टाकायच्या आधी बादलीसकट मोजले, ८ किलो ६०० ग्रॅम. सव्वा तासाने वाळलेले कपडे त्याच बादलीत भरून परत मोजले, ५ किलो ८००. अण्णा बराच वेळ काट्याकडे बघत राहिले, मग फ्रिजमधल्या एक लिटरच्या बाटल्या एकेक करून काढल्या, दोन भरलेल्या आणि तिसरी थोडी कमी, ओट्यावर ओळीने ठेवल्या, आणि स्टूल घेऊन झरोक्यातली नळी काढायला गेले.